चिरुटाचें काळें पान

गेल्या दिवाळीच्या सुटींत एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत घडलेला एक लहानसा प्रसंग या लेखास कारण झाला आहे. स्नेह्यांचे जामात परदेशांतून नुकतेच परतले होते व श्वशुरांस भेट म्हणून त्यांनीं चिरुटांची एक पेटी आणली होती. चिरूट रंगानें जवळजवळ काळे, तेलकट तुकतुकीचे व दिसण्यांत मोठे भारदस्त होते. मंडळींत एक सेवानिवृत्त अभियंते होते. प्रत्येक वस्तूचें पितळ उघडें पाडण्याचा त्यांचा स्वभाव. त्यांनीं रुमालाचें टोंक पाण्याच्या पेल्यांत बुडविलें, एका चिरुटावरून दोन वेळां फिरविलें, आणि रुमालावर उमटलेला तपकिरी डाग सर्वांस दाखवून "रंग दिला आहे, दुसरें काय!" असा निकाल देऊन टाकला. जामात ओशाळले. स्नेह्यांनीं आमच्याकडे पाहिलें. जगांतील सर्व जुन्या लबाड्यांची टिपणें इतिहासाच्या अध्यापकापाशीं असतात, अशी त्यांची समजूत आहे.

आम्ही स्वतः धूम्रपान करीत नाहीं, आणि काळ्या पानाचा असो वा पिवळ्या पानाचा, तंबाखूचा धूर मुखास व फुप्फुसांस सारखाच घातक आहे याविषयीं आज कोणास शंका उरलेली नाहीं. परंतु प्रश्न ओढण्याचा नसून ओळखण्याचा होता. चिरुटाचें काळें पान आपोआप काळें होतें कीं केलें जातें, हा वाद दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. त्याच्या पोटांत रसायनशास्त्राचा, जकातीच्या कायद्यांचा आणि एका दूरच्या बेटावरील मजुरांच्या हालांचा इतिहास दडलेला आहे.

प्रथम चिरुटाची रचना. आंतील सारण, त्यास आवळून धरणारें बांधपान, आणि सर्वांवर नागमोडी गुंडाळलेलें वेष्टनपान, असे त्याचे तीन भाग. वजनाच्या दृष्टीनें वेष्टनपान म्हणजे चिरुटाचा अगदीं लहान अंश. किंमतीच्या दृष्टीनें मात्र रत्तलामागें सर्वांत महाग तेंच. गिऱ्हाईक डोळ्यांनीं पाहतो तें फक्त हेंच पान, आणि म्हणून स्पॅनिश व्यापाऱ्यांनीं रंगाच्या छटांस नांवें दिलीं: फिकट तो क्लारो, तांबूस तो कोलोरादो, गडद तो मादुरो, आणि त्याहूनहि काळा तो ओस्कूरो. यांपैकीं मादुरो हा शब्द ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. त्याचा अर्थ काळा असा नव्हे. त्याचा अर्थ 'पिकलेला'. म्हणजे व्यापाऱ्यानें या शब्दानें रंग विकावयास काढलेला नाहीं, परिपक्वता विकावयास काढली आहे. सगळ्या वादाची किल्ली आमच्या मतें येथें आहे.

हिरवें पान तपकिरी होतें कसें? तोडलेलीं पानें वखारींत काठ्यांवर टांगतात व हवेवर सावकाश वाळूं देतात. टांगलेलें पान लगेच मरत नाहीं. कित्येक दिवस तें स्वतःचें अन्न खाऊन जगतें. या अवधींत हरितद्रव्य नाहींसें होऊन पान पिवळें पडतें. मग पेशींच्या भिंती खचूं लागल्या म्हणजे पानांतील तुरट द्रव्यांचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होतो आणि तपकिरी रंग चढतो. कापलेलें सफरचंद किंवा वांगें हवेवर काळें पडतें, त्याच जातीची ही क्रिया आहे. तिला चालना देणारें द्रव्य पानांतच असतें. त्यास आज आपण विकर म्हणतों.

एवढ्यानें पान तपकिरी होतें, गडद होत नाहीं. त्यासाठीं जुड्या बांधून त्यांचे मोठाले ढीग रचतात. पानांत बेताचा ओलावा असतो, व ढिगाच्या पोटांत आपोआप उष्णता वाढूं लागते. हात घालावा तर चटका बसेल इतका ढीग तापतो, अमोनियाचा उग्र दर्प सुटतो, आणि कामगारांच्या डोळ्यांतून पाणी वाहतें. ५० अंश सेंटिग्रेडच्या आसपास उष्णता गेली म्हणजे ढीग मोडून, आंतील जुड्या बाहेर व बाहेरच्या आंत अशा पुन्हा रचावयाच्या. असें कित्येक वेळां. ज्यास मादुरो करावयाचें तें पान मुळांतच जाड व तेलकट घ्यावें लागतें, बहुधा झाडाच्या वरच्या भागांतील, उन्हांत वाढलेलें. अमेरिकेंतील कनेटिकट खोऱ्याचें रुंद पान किंवा मेक्सिकोच्या सान आंद्रेस खोऱ्यांतील पान या कामीं प्रसिद्ध आहे. त्यास अधिक उष्णता व अधिक महिने द्यावयाचे. नाजूक पान इतकी उष्णता सोसत नाहीं, तें फाटतें. आमच्याकडे लोणचें मुरवितात त्या गृहिणीस हें सर्व समजावून सांगण्याची गरज नाहीं. ज्यास ती 'मुरणें' म्हणते, तेंच हें.

ढीग कशानें तापतो याविषयीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्वानांत मोठा मतभेद माजला होता. १८९१ मध्यें जर्मनींतील सुखसलांट यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, हें सर्व सूक्ष्मजंतूंचें कार्य आहे. वेस्ट इंडीजच्या उत्तम तंबाखूंतील जंतु जर्मन तंबाखूच्या ढिगांत पेरले तर जर्मन पानासहि तो स्वाद येईल. दह्याचें विरजण लावावें तशी ही कल्पना. पुढें अमेरिकन शेतकी खात्यांत काम करणाऱ्या ऑस्कर लोव यांनीं १८९९ मध्यें याच्या उलट मत मांडलें: ढिगांतील ओलावा जंतूंच्या वाढीस पुरेसा नसतो, खरें काम पानांतील विकरांचें. या शोधाच्या मागें लागले असतां त्यांस एक नवेंच विकर आढळलें, आणि १९०१ मध्यें त्यांनीं त्यास 'कॅटलेज' असें नांव दिलें. आज जीवरसायनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकांत तें असतें. पण त्याचा मूळ पुरुष चिरुटाच्या तंबाखूचा ढीग होता हें विद्यार्थ्यांस क्वचित्‌च ठाऊक असतें. अलीकडील संशोधनानें जंतूंसहि त्यांचा वाटा परत दिला आहे, म्हणजे दोघेहि पंडित अंशतः बरोबर ठरले. असो.

आतां रुमालाच्या परीक्षेचा निकाल सहज लागतो. पानाच्या अंगच्या तपकिरी द्रव्यांपैकीं बरींच पाण्यांत विरघळतात. चहाचें पान पाण्यांत टाकलें तर पाणी तांबडें होतें, म्हणून चहास रंग दिला आहे असें कोणी म्हणत नाहीं. ओला रुमाल कोणत्याहि मुरलेल्या तंबाखूवर फिरवा, डाग पडणारच; आणि पान जितकें अधिक मुरलेलें तितका डाग गडद. तेव्हां अभियंत्यांचा पुरावा कांहींच सिद्ध करीत नव्हता. तथापि त्यांचा संशय मात्र निराधार नव्हता, आणि येथून खरा इतिहास सुरू होतो.

इंग्लंडांत तंबाखूवर जबर जकात होती. जेथें जकात जबर तेथें भेसळ किफायतशीर, हा नियम सर्व देशांस लागू आहे. १८४० च्या एका कायद्यानें कारखानदारांवरील निर्बंध सैल केले, आणि साखर, काकवी व आणखी नाना पदार्थ तंबाखूंत शिरूं लागले. सरकारी तिजोरीस खोट बसतांच दोनच वर्षांनीं, १८४२ मध्यें, दुसरा कायदा करून पाण्याखेरीज जवळजवळ सर्व मिसळ बंद करण्यांत आली. पण भेसळ बंद करणें वेगळें आणि पकडणें वेगळें. त्याच वर्षीं लंडनच्या अबकारी कचेरींत जॉर्ज फिलिप्स यांच्या हातीं एक छोटी प्रयोगशाळा देण्यांत आली, आणि तीच पुढें ब्रिटनची सरकारी रसायनशाळा झाली. दूध, लोणी व औषधें यांची तपासणी करणाऱ्या एवढ्या थोर संस्थेचा जन्म प्रजेच्या आरोग्याच्या काळजींतून झाला नाहीं, तंबाखूवरील जकात बुडूं नये या काळजींतून झाला. राज्यकर्त्यांची नाडी कोठें असते हें यावरून कळतें.

अमेरिकेंत प्रकार निराळा झाला. तेथें लबाडीचें मूळ जकातींत नसून फॅशनींत होतें. १८७० नंतरच्या कांहीं वर्षांत तेथील गिऱ्हाइकांस काळ्या चिरुटांचें वेड लागलें. काळा तो कडक, कडक तो मर्दानी, अशी समजूत. ही समजूत खोटी आहे हें येथेंच सांगून टाकतों: चिरुटाचा कडकपणा मुख्यतः आंतील सारणावर अवलंबून असतो, आणि दीर्घकाळ मुरलेल्या पानांतील निकोटिन वाढत नाहीं, उलट कांहीं अंशीं उडून जातें, काळें पान पुष्कळदां चवीस गोडसर असतें. पण बाजारास रसायनशास्त्र कोण शिकविणार? नैसर्गिक रीतीनें पान काळें होण्यास दोन उन्हाळे लागत, व तितका धीर धरावयास व्यापारी तयार नव्हते. तेव्हां वाफेनें तापविलेल्या कोठड्यांत पेट्या कोंडून पानास सक्तीचा घाम आणण्याचा धंदा निघाला. महिन्यांचें काम दिवसांत होऊं लागलें. यांत बाहेरचा रंग नव्हता, तरी पक्वतेचें सोंग होतें. बागाइतदार आंब्याच्या अढीस पेंढा घालतो आणि दलाल कार्बाइडची पुडी टाकतो, या दोहोंमध्यें जितकें अंतर, तितकें ढिगांत व कोठडींत समजावें.

मग वारें फिरलें. तें फिरविलें सुमात्रा बेटानें. १८६३ मध्यें याकोबुस नीनहाइस नांवाचा डच मनुष्य तेथील डेली संस्थानांत उतरला, आणि त्याच्या लक्षांत आलें कीं, ज्वालामुखीच्या मातींत वाढलेलें तेथील पान रेशमासारखें पातळ व शिरांनीं अत्यंत नाजूक येतें. १८६९ मध्यें डेली कंपनी स्थापन झाली. ॲम्स्टरडॅमच्या लिलांवांत या पानावर उड्या पडूं लागल्या. कारण तेवढ्याच वजनाच्या पानांत कितीतरी अधिक चिरूट गुंडाळले जात. हें पान फिकट रंगाचें, आणि सुमात्राचें फिकट पान स्वस्त पडतें असें दिसतांच अमेरिकन गिऱ्हाइकाची अभिरुचि कालांतरानें फिकट झाली! अभिरुचि म्हणून ज्यास आपण जपतों ती पुष्कळदां कारखानदाराच्या हिशेबाची वही असते. कनेटिकटचे शेतकरी हवालदील झाले; त्यांच्या ओरडीमुळें १८९० च्या मॅकिन्ली कायद्यानें परदेशी वेष्टनपानावर रत्तलास दोन डॉलर इतकी जकात बसविली, पूर्वी ती पाऊण डॉलर होती. तरी सुमात्रा येतच राहिलें. शेवटीं १९०० मध्यें कनेटिकटमधील विंडसर येथें सुमात्राचें बीं कापडाच्या मांडवाखालीं लावून पाहिलें. मांडवानें ऊन मंदावलें, ओलावा टिकला, आणि पान पातळ व फिकट आलें. पुढें त्या खोऱ्यांत मैलोगणती शेतांवर पांढरीं छतें पसरलीं. एकूण काय, पूर्वी पानास वाफ देऊन काळें करीत होते, आतां ऊन अडवून गोरें करूं लागले.

डेलीचें नांव आलें आहे तर तेथें थोडें थांबलें पाहिजे. तेथील बागाइतींत एकदां पीक काढलेली जमीन सात-आठ वर्षें पडीत ठेवीत, इतका मातीचा मान राखला जाई. माणसाचा मात्र राखला जात नसे. पिनांग व सिंगापूर येथून चिनी मजूर आणि पुढें जावा बेटांतून जावानी मजूर करारानें आणीत. १८८० च्या कुली कायद्यानें करार मोडणें हा फौजदारी गुन्हा ठरविला होता. काम सोडून पळालेल्या मजुरास तुरुंग. चिनी मजुरास दर हजार झाडांमागें पैसे मिळत, पण किती मिळावयाचे तें पानाच्या प्रतीवर, आणि प्रत ठरविणार गोरा मदतनीस. हंगाम संपेपर्यंत उचल घेऊन पोट भरावयाचें व शेवटीं हिशेब व्हावयाचा. पानावर एक डाग, एक छिद्र, रंगांत एक छटा कमी-अधिक, कीं वर्षाच्या श्रमाचा भाव उतरला. पानें वाखारींत आणल्यावर रंगाप्रमाणें व लांबीप्रमाणें निवडण्याचें काम वेगळेंच; तपकिरीच्या ज्या छटा आपल्या डोळ्यांस एकच दिसतात त्यांच्या तेथें कैक प्रती होत. प्रत ठरविण्यावरून तंटे होत, मारहाण होई, आणि मारहाणीचें उत्तर कधींकधीं कोयत्यानें दिलें जाई.

१९०२ मध्यें मेदानचे एक वकील फान डेन ब्रांट यांनीं 'डेलींतील लाखों' अशा अर्थाचें नांव असलेली एक पुस्तिका लिहून हे अत्याचार हॉलंडच्या जनतेपुढें मांडले. सरकारनें रेमरेव नांवाच्या न्यायाधिकाऱ्यास चौकशीस पाठविलें. त्यांचा १९०४ चा अहवाल इतका भयंकर होता कीं, तो छापलाच नाहीं. समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनीं तो हुडकून काढून १९८७ मध्यें प्रसिद्ध केला, तोंपर्यंत त्र्याऐंशीं वर्षें तो दप्तरांत पडून होता. कराराचा फौजदारी जाच सुटला तो या अहवालानें नव्हे. १९३० च्या अमेरिकन जकात कायद्यांत असें कलम पडलें कीं, शिक्षेच्या धाकानें राबविलेल्या मजुरांचा माल अमेरिकेंत येऊं द्यावयाचा नाहीं. गिऱ्हाईक जाण्याचा प्रसंग येतांच डेलीच्या तंबाखूवाल्यांनीं १९३१ पासून तो जाच सोडून दिला. या कलमामागें मांडवाखालीं पान पिकविणाऱ्या अमेरिकनांचा स्वार्थ मुळींच नव्हता असें म्हणवत नाहीं. रंगाची ही हौस कोणाच्या पाठीवर उठत होती, याचा विचार रुमाल फिरविणाऱ्यानें व ज्यावर फिरविला त्यानें, दोघांनींहि केला नसावा. आम्हीहि हें वाचीपर्यंत केला नव्हता.

आतां खऱ्या रंगाच्या लबाडीकडे वळूं. ती आहे. हॉलंड व जर्मनी येथें तयार चिरुटावर तपकिरी भुकटी चोळून डाग झांकण्याची व सर्व पेटी एकरंगी दिसूं देण्याची चाल होती. स्वस्त चिरुटांत १९५० नंतर खऱ्या पानाऐवजीं तंबाखूच्या चुऱ्याचा लगदा करून कागदासारखा ताव काढतात व तोच गुंडाळतात. त्यास हवा तो रंग देणें सोपें असतें. कॅरिबियन प्रदेशांत तंबाखूचे देंठ पाण्यांत आंबवून एक काढा करतात, त्यास बेतून म्हणतात. स्पॅनिश भाषेंत बुटाच्या पॉलिशासहि हाच शब्द आहे! हा काढा मूळचा सारणाच्या पानांवर शिंपडून तीं चांगलीं मुरावीं यासाठीं. परंतु तोच वेष्टनपानास फांसून तें काळें करणारेहि निघाले. याखेरीज वाफेच्या दाबाखालीं पान शिजविण्याची युक्ति आहेच.

बेतूनास कृत्रिम रंग म्हणावें काय? तो तंबाखूचाच रस, बाहेरचें कांहीं नाहीं, असा युक्तिवाद करतां येईल. आम्हांस तो पटत नाहीं. आपल्याकडे दक्षिणेंत खाण्याच्या तंबाखूस गुळाचें पाणी देतात, त्यास कोणी फसवणूक म्हणत नाहीं. कारण घेणारास तें ठाऊक असतें व त्यास तेंच हवें असतें. याच न्यायानें हिरव्या कांदेला चिरुटाकडे पाहावें. त्याचें पान झपाट्यानें तापवून हरितद्रव्य जागच्या जागीं बांधून टाकतात. एका काळीं अमेरिकेंत हा चिरूट अतिशय खपे. त्याचा रंग पूर्णपणें माणसाच्या करामतीचा, पण तो उघड उघड हिरवा आहे. पिकल्याचा आव आणीत नाहीं. दोष करामतींत नाहीं. मादुरो या शब्दानें व्यापारी दोन वर्षांचा धीर विकतो, आणि गिऱ्हाईक त्या धीराचे पैसे मोजतो. देंठाच्या काढ्यानें रंग येतो, पण ते महिने येत नाहींत. आमच्या निपाणीच्या बाजारांतील पारखीहि पानावरील तांबूस ठिपके पाहूनच विडीच्या तंबाखूची प्रत ठरवितो. विडीचें वरचें पान टेंभुर्णीचें असल्यामुळें गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळ फेकण्यास तेथें जागा नाहीं, एवढाच काय तो फरक.

हें सर्व त्या सायंकाळीं इतक्या विस्तारानें आम्हीं सांगितलें नाहीं. सांगितलें असतें तर फराळ निवला असता. आम्हीं फक्त तो ओला झालेला चिरूट मागून घेतला व चाकूच्या टोंकानें वेष्टनपानाचा कांठ सोडविला. हें पान चिरुटावर तिरपें गुंडाळलेलें असतें व प्रत्येक वळसा मागील वळशाच्या कांठावर चढलेला असतो. चिरूट बनल्यावर वरून रंग वा भुकटी दिली असेल, तर झांकलेली पट्टी उघड्या भागाहून फिकट निघेल. पान हळूहळू उलगडलें. झांकलेली पट्टी तितकीच काळी होती. गुंडाळण्यापूर्वींच पान रंगविलें असेल, तर शिरा व पापुद्रा यांवर एकच सपाट छटा दिसावयास हवी. येथें शिरा निराळ्या दिसत होत्या आणि पानावर ठिकठिकाणीं गडद-फिके डाग होते. त्यावरून पान रंगविलेलें नाहीं इतकें आम्हीं सांगितलें. तें ढिगांत दोन वर्षें मुरलें कीं वाफेच्या कोठडींत पंधरा दिवसांत शिजलें, हें त्या पानावरून सांगतां येईना, व तसेंहि आम्हीं सांगितलें.

जामातांचा चेहरा उजळला. अभियंत्यांनीं उलगडलेलें पान उजेडाकडे धरून बराच वेळ न्याहाळलें, आणि एकाच चिरुटावरून सबंध पेटीविषयीं अनुमान काढणें शास्त्रशुद्ध नव्हे असें म्हणून दुसरा चिरूट मागितला. स्नेह्यांनीं पेटी मिटून कपाटांत ठेवली.